अण्णांना माझं तोंड बघायचं होतं

एसटीत चढले की मी आधी जागा बघत नाही, तोंडं बघते. पेणच्या रामवाडी डेपोतून रोह्याची गाडी सुटायच्या आधी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत एकदा नजर फिरवायची, मास्क कोणी लावलाय ते शोधायचं आणि मगच पिशवी मांडीवर घेऊन टेकायचं. ही खोड लागून चार वर्षं झाली. सुरुवातीला निम्मी गाडी झाकलेली असायची. पुढे चार-पाच जण उरले. त्यानंतर एखादी म्हातारी दिसायची, मास्क गळ्यात लोंबतोय आणि तुटलेल्या दोरीला गाठ मारलेली. शेवटी शेवटी बहुतेक रविवारी मी एकटीच असायची.

तसे तोंड झाकणारे अजून आहेत, नाही असं नाही. कॉलेजच्या मुली स्कार्फ गुंडाळून डोळे तेवढे उघडे ठेवतात, पण ते उन्हासाठी आणि गाडीवर मागे बसल्यावर ओळखीचं कोणी दिसू नये म्हणून. डोलवीला पहिली शिफ्ट सुटलेली माणसं चढतात, त्यांच्या हनुवटीखाली कंपनीचा धुळीचा मास्क अडकलेला असतो. बसल्या बसल्या तोच आणखी खाली ओढतात आणि तंबाखू मळायला घेतात. दवाखान्याच्या बाकावर दोन-तीन जण दिसतात, तेही नंबर लागेपर्यंत. गरज सरो, वैद्य मरो. ज्या फडक्यावाचून घराबाहेर पाऊल टाकायची छाती नव्हती, ते आता मोटरसायकलची सीट पुसायला वापरतात.

आणि मला विचारायचे, तुम्ही अजून का घालता?

एकदा गडबच्या थांब्यावर एक भाजीवाली शेजारी येऊन बसली. रिकामी टोपली पायाशी सरकवली आणि माझ्याकडे टक लावून बघत राहिली.

"बाय, तुला दमा हाय का गो?"

"नाय."

"मग दात पडले?"

"दातही हायत."

"मग चांगलं तोंड झाकून कशाला बसलीस?"

मी खिडकीकडे वळले. तिला काय सांगणार होते? घरी नवऱ्याचीही थट्टा चालूच असायची. तुला मिशा फुटल्या असतील, म्हणायचा, मला लग्नाआधी सांगायला पाहिजे होतंस. कारखान्यात माझ्या मागे मला मास्कवाली म्हणायचे, हे मला माहीत होतं. म्हणू देत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझं नुसतं तोंड पोळलं नव्हतं.

मी गणपतीच्या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. पेणमध्ये हे कोणाला सांगावं लागत नाही, पण बाहेरचे लोक विचारतात, फक्त डोळे? हो, फक्त डोळे. साच्यातून मूर्ती काढणारे वेगळे, घासणारे वेगळे, रंग मारणारे वेगळे, खडे चिकटवणाऱ्या बायका वेगळ्या. सगळ्यांचे हात फिरून मूर्ती माझ्यापुढे येते तेव्हा ती आंधळी असते. मी झिरो नंबरचा ब्रश काळ्या रंगात बुडवते आणि श्वास धरते. रेघ पुरी होईपर्यंत तो सोडायचा नाही. सोडलात की हात हलतो, हात हलला की देव तिरळा.

हे मला अण्णांनी शिकवलं. अण्णा म्हणजे माझे वडील. पेणच्या कारखान्यांत त्यांनी उभा जन्म आखणी केली. बाईच्या हातात आखणीचा ब्रश द्यायला तेव्हा मालक तयार नसायचे. हिची रेघ बघा, मग बोला, असं मालकाला सांगून अण्णांनी आपला ब्रश माझ्या हातात ठेवला होता. मला ते म्हणायचे, "गणपतीला तोंड नसतं गो. असतं, पण सोंडेखाली असतं, ते कोणाला दिसत नाय. माणूस हसला तर ओठांवर दिसतो. देव हसला तर तो डोळ्यांतच दाखवावा लागतो. म्हणून आपलं काम." मला तेव्हा हे फार मोठं वाटायचं. आता वाटतं, याच्यामुळेच सगळा घोळ झाला.

म्हातारपणी अण्णांच्या छातीत प्लास्टरची धूळ बसली. धाप लागायला लागली तसा माझा धाकटा भाऊ आईला आणि त्यांना आपल्याकडे रोह्याला घेऊन गेला. तो तिकडेच धाटावच्या एका कंपनीत आहे. घर लहान, पण नदी जवळ. अण्णांना तिथे बसायला जागा मिळाली, गप्पांना माणसं मिळाली. आई मात्र पेणच्या शेजारणींना झुरायची.

दुसऱ्या लाटेतला एक रविवार. गाड्या अजून पुरत्या बंद झाल्या नव्हत्या. ब्लाउजची कापडं जोडून मी मास्क शिवले होते, आईसाठी फुलांचे, अण्णांसाठी साधे. ते द्यायला मी रोह्याला गेले. मास्क द्यायला गेले आणि मास्क काढून जेवले. ही माझी अक्कल.

आईनेच काढायला लावला. "जेवताना तरी काढ गो, तोंड दिसू दे तुझं." तांदळाची भाकरी आणि सुकट. एका ताटात जेवलो आम्ही. अण्णा बाहेर ओट्यावर बसून होते. दम लागतोय, भूक नाय, तुम्ही बसा, म्हणाले. जेवण झाल्यावर मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून पडले आणि ती माझे पांढरे केस मोजत राहिली. चारच्या गाडीने परत आले.

बुधवारी मला ताप भरला. गुरुवारी आईला. माझा रिपोर्ट आधी आला, तिचा नंतर. तिला अलिबागला नेलं तेव्हा मी पेणला घरात एका खोलीत बंद होते. दाराबाहेर ठेवलेलं ताट उचलायचं आणि फोनची वाट बघायची, एवढंच काम. नवव्या दिवशी आई गेली. मी नव्हते. भाऊसुद्धा लांबच उभा होता.

त्या दिवशी त्याने फोन केला. रडत नव्हता. एवढंच म्हणाला, "ताई, तू यायला नको होतंस."

उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मला तेव्हा म्हणता आलं नाही. कारण मलाही तेच वाटत होतं. पुन्हा तो ते कधी बोलला नाही. एकदाच बोलला, आणि माझ्यासाठी ते एकदाच पुरलं.

अण्णांना काही झालं नाही. एवढी नाजूक छाती, घरात आई आजारी, आणि त्यांना साधा ताप नाही. देवाची कृपा, म्हणायचे सगळे. मीही म्हणायचे. आई गेली, निदान हे तरी वाचले. आता यांना माझ्यामुळे काही होऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं, आणि त्या दिवसापासून अण्णांसमोर मास्क काढला नाही.

बरी होऊन कारखान्यात गेले. सगळ्यांची तोंडं झाकलेली. वर नुसते डोळे, रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मी आखणीला बसले. मूर्तीमागून मूर्ती संपवत गेले. हात चालत होता, बरं वाटत होतं. मालकांनीही काही म्हटलं नाही. मी फळीवरच्या रांगेचा फोटो काढून भावाच्या फोनवर पाठवला, अण्णांना दाखव म्हणून. थोड्या वेळाने फोन आला. अण्णाच होते.

"काय केलंस गो हे? सगळे घाबरलेत."

"कोण?"

"गणपती. बुबुळ वरच्या पापणीला टेकलंच नाय. वर पांढरं ठेवलंस. जा, बघ."

मी जाऊन बघितलं. बुबुळाच्या वर केसाएवढी पांढरी फट. एका मूर्तीला नाही, पुऱ्या रांगेला. बुबुळ पापणीखाली जरा दबलेलं असलं की नजर शांत दिसते, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत. वर पांढरं दिसलं की डोळे विस्फारतात, माणूस दचकलेला वाटतो. मी आठ-दहा दिवस दचकलेले गणपती काढत होते आणि मला पत्ता नव्हता. जे रोज बघत होते तेच हातातून उतरलं होतं. काही मूर्ती तोवर गाडीत चढून गेल्याही होत्या. त्या कोणाच्या घरी बसल्या असतील, आरती करताना त्या घरातल्यांना काय वाटलं असेल, याने मी कित्येक दिवस अस्वस्थ होते. उरलेल्यांच्या पापण्या मी एकेक करून खाली ओढल्या.

त्यानंतर जग हळूहळू उघडं पडलं. कारखान्यातल्या बायकांनी मास्क काढले, मालकांनी काढला, रंगाची फवारणी करणाऱ्यांनी तर सगळ्यांच्या आधी काढला. म्हणजे ज्यांना खरी गरज त्यांनीच. मी बोलून बोलून थकले. गाढवापुढे वाचली गीता.

दर रविवारी मी रोह्याला जायची. भिसे खिंड उतरली की मास्क नीट करायची, नाकावर दाबून बसवायची. अण्णांपासून चार हात लांब खुर्ची. चहा मागच्या ओट्यावर उभ्याने. जेवण आत, भिंतीकडे तोंड करून. भावजयीला ते आवडायचं नाही, वाढताना दिसत होतं. खरं तर त्या घरात इतर कोणीच काही पाळत नव्हतं. भावाची मुलगी शाळेतून शेंबूड घेऊन यायची आणि सरळ अण्णांच्या मांडीत. तिला कोणी काही म्हणत नसे. मलाही काढ म्हणत नसत. मी लावून आले की भाऊ एकदा मास्ककडे बघायचा आणि दुसरीकडे बघायचा. मला त्याचा अर्थ कळायचा. आता उपयोग काय, हाच. निदान मला तसं वाटायचं.

काढ म्हणायचे ते फक्त अण्णा.

"तोंड दाखव."

"अण्णा, डॉक्टरांनी सांगितलंय, साधी सर्दीसुद्धा परवडायची नाय तुम्हाला."

"तुला सर्दी झालीय?"

"नाय."

"मग दाखव."

"पुढच्या खेपेला."

दर रविवारी हेच. कधी चिडून, कधी मस्करीत, कधी नुसतं हाताने खूण करून. एकदा मी त्यांचंच त्यांना ऐकवलं. "तुम्हीच म्हणायचात ना, गणपतीला तोंड नसतं, सगळं डोळ्यांत असतं? मग माझे डोळे बघा की." त्यांनी तोंड फिरवलं. त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोललेच नाहीत. मी मनात म्हटलं, म्हातारपणी माणूस हट्टी होतो. मला त्यांचा राग यायचा. मी कोणासाठी घुसमटतेय, उन्हाळ्यात घामाने गाल सोलवटून घेतेय, हे यांना कळत कसं नाही?

माझ्या मनातलं सांगायचं तर मला भीती एकाच गोष्टीची होती. आईसारखं हेही माझ्या हातून झालं तर? मग भाऊ फोन करणारही नाही.

गेल्या माघातली गोष्ट. अण्णा आठ दिवस दवाखान्यात राहून नुकतेच घरी आले होते. रथसप्तमीच्या आतला रविवार होता. भावजय मुलीला घेऊन शेजारच्या आळीत हळदीकुंकवाला गेली होती, आणि मी पोचले तसा भाऊ औषधं आणायला बाजारात निघाला. निघताना म्हणाला, "ताई, चार वाजले की वाफ द्यायची. मशीन लावून ठेवलंय, औषध कपात घातलंय. तोंडावर बसवायचं आणि बटण दाबायचं." आजकाल घरोघरी असतं तसलं मशीन, प्लास्टिकची नळी आणि टोकाला नाका-तोंडावर बसवायचा पारदर्शक मास्क.

चार वाजले. अण्णांच्या छातीतली घरघर दारापर्यंत ऐकू येत होती. मी मास्क त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांनी हाताने बाजूला केला.

"तू तुझा काढ. मग मी माझा लावतो."

मला वाटलं मस्करी करताहेत. पुन्हा नेला. पुन्हा ढकलला. ओठ निळसर दिसत होते, तरी हट्ट सुटेना.

"अण्णा, जीव जाईल."

"जाऊ दे. तोंड दाखव."

काय करणार होते? भावाला फोन करू? फोन करून काय सांगू? मी उठले, खिडकी उघडली, दार उघडलं, खुर्ची दाराकडे सरकवली. मग कानामागची दोरी सोडली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर. गालांना वारा लागला आणि मला लाज वाटली, कपडे बदलताना कोणी बघावं तशी.

ते बघत राहिले. घाई नाही, काही नाही. कच्ची मूर्ती आखणीला घेण्याआधी ते तिच्याकडे बघायचे तसे, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"म्हातारी झालीस गो," म्हणाले. "खालचं सगळं तुझ्या आयसचं हाय."

"झालं बघून? आता लावा."

"थांब. बोलायचं हाय."

आणि बोलले. दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द. मी इथे सलग लिहितेय, त्यांना ते सलग जमलं नाही.

"तू आलीस तो रविवार. त्याच्या आदल्या शुक्रवारी तुझी आय सुकट भाजत होती. आख्ख्या आळीत वास. मला नाय आला. डबा उघडून नाक घातलं, तरी नाय. तेव्हाच समजलो मी."

मला काही कळेना. म्हणजे कळत होतं, पण मी ते आत घेत नव्हते.

"नदीवर बसायचो आम्ही चौघं. पोलीस आला की मास्क वर, गेला की खाली. एकाच डबीतला चुना. त्यातला एक नंतर गेला, तुला माहीत नाय."

"आईला सांगितलं होतंत?"

"दम लागलाय बोललो. रोज रात्री छातीला तेल चोळून देत होती ती माझ्या."

"मग मला का नाय सांगितलंत, येऊ नको म्हणून? डॉक्टरकडे का नाय गेलात?"

"घेऊन गेले असते गो. गाडी यायची तेव्हा, न्यायची. नेलेला माणूस परत येत नाय, असंच बोलायचे सगळे. भ्यालो मी. तू आलीस तेव्हा ओट्यावर बसलो, तुझ्याजवळ नाय आलो. तेवढंच केलं."

तेवढंच केलं. माझ्यापासून लांब बसले आणि रात्री आईच्या शेजारी झोपले.

"मग तू बुधवारी पडलीस. सगळे बोलले, पोरीने आणलं. मी गप बसलो. भाऊ तुला फोनवर बोलला तेव्हा मी बाजूलाच होतो."

"आणि आज सांगताय?"

"दर रविवारी सांगणार होतो. तू तोंड झाकून यायचीस. नुसते डोळे बघून मला नाय समजत माणसाच्या आत काय चाललंय ते. डोळे मी जन्मभर काढलेत. कसे पण काढता येतात. तोंड दिसलं तर बोलेन, म्हटलं. तोंड नाय दिसलं तर कसं समजणार, ही मला माफ करेल का नाय?"

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. असा राग मला आयुष्यात आला नव्हता. चार वर्षं मी आईची मारेकरीण म्हणून वावरले होते. तिच्या वर्षश्राद्धाला मागच्या रांगेत बसले होते. आमच्या घरात त्यानंतर सुकट शिजली नव्हती, कारण तो वास आला की मला ते ताट आठवायचं. मी आणलंच नव्हतं. उलट मीच तिथून घेऊन आले होते, माझ्या घरी. आणि हा माणूस, ज्याला वाचवायला मी भिंतीकडे तोंड करून जेवत होते, त्याला सगळं पहिल्यापासून माहीत होतं.

माझ्या तोंडावर हे सगळं दिसलं असणार. त्यांनी बघितलं. बघण्यासाठीच तर काढायला लावला होता.

"लावा आता," मी म्हटलं आणि वाफेचा मास्क त्यांच्या तोंडावर जरा जोरातच बसवला. इलॅस्टिक कानाला लागलं.  बटण दाबलं. मशीन घरघरायला लागलं.

दहा मिनिटं चालतं ते. त्या आवाजात बोलता येत नाही, आणि त्यांचं तोंड तर बंदच. मी त्यांच्यासमोर उघड्या तोंडाने बसून होते. उठून चालायला लागले, पुन्हा बसले. भाऊ आला की सांगायचं, मी ठरवलं. आल्या आल्या. औषधांची पिशवी खाली ठेवायच्या आधी. ऐक म्हणावं, तुझ्या बापाने काय केलं ते. यायला कोणी नको होतं ते ऐक. वाक्यंसुद्धा जुळवली मी. चार वर्षं साठलेलं होतं, जुळायला वेळ लागला नाही.

गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलचा आवाज आला. भावाची गाडी अण्णा आवाजावरून ओळखतात. त्यांनी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे. खाली प्लास्टिकच्या आत पांढरी वाफ, त्यात तोंड दिसत नव्हतं. वर नुसते डोळे. आणि बुबुळाच्या वर पांढरी फट होती.

केसाएवढी. मी ती ओळखते. तसे डोळे मी रांगच्या रांग काढले होते.

भाऊ अण्णांना रोज सकाळी आंघोळ घालतो. उचलून न्हाणीत नेतो, पुसतो, कपडे घालतो आणि मग कंपनीत जातो. दवाखान्यातले आठ दिवस त्याने खुर्चीवर काढले. आईवर त्याचा किती जीव होता, मला माहीत आहे. माझ्यावर राग धरणं त्याला जमतं, मी आठवड्यातून एकदा येते आणि संध्याकाळच्या गाडीने जाते. तोच राग याच घरात, याच खाटेवर आला तर अण्णांना उद्या सकाळी कोण उचलणार? उचलेलही तो. तो तसा नाही. पण कसा उचलेल?

मोटरसायकल ओट्याशी बंद झाली. मी पिशवीतून मास्क काढून तोंडावर चढवला. नाकाशी दाबून बसवला. भाऊ आत आला.

"घेतली का वाफ नीट?"

"घेतली."

त्याने पिशवी ठेवली, अण्णांच्या पाठीमागची उशी सरळ केली. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, आता तरी सोड ते. कोण घालतं आता?" त्याच्या बोलण्यात टोचणी नव्हती. बहुतेक ती आधीही नसावी.

"असू दे," मी म्हटलं. "सवय झालीय."

मशीन बंद केलं. अण्णांनी डोळे मिटले होते.

परतताना भिसे खिंडीत मी मास्क काढला. खिडकीतून वारा आत येत होता, कोणीतरी संत्रं सोलत होतं, त्याचा वास आला. राग गेला नव्हता. अजूनही पुरता गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? अण्णांना मी माफ केलं का, तर काही रविवारी केलेलं असतं आणि काही रविवारी नसतं. पण गाडीत मी आता तोंड उघडं ठेवून बसते. कारखान्यातही काढून टाकलाय. बायका म्हणाल्या, अगोबाई, दात आहेत की. नवरा म्हणाला, मिशा काढल्यास वाटतं. घरी सुकट शिजते.

फक्त रोह्याच्या स्टँडवर उतरले की पिशवीतून काढून लावते. अण्णा आता तोंड दाखव म्हणत नाहीत. भाऊ दर वेळी म्हणतो, ताई, सोड ना ते आता. सोडणार नाही. भावासमोर माझ्या तोंडाचा मला भरवसा नाही. डोळ्यांची काळजी नाही. डोळे मला काढता येतात.